टर्मिनलवर मराठी अक्षरं फुटली, तर बिघाड नेमका शोधायचा कसा

टर्मिनलवर देवनागरी नीट उमटत नसली की बहुतेक जण आधी फॉन्ट बदलून बघतात. हा उपाय सगळ्यांत जास्त सुचवला जातो आणि सगळ्यांत कमी वेळा लागू पडतो. फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर पडद्यावर रिकामे चौकोन दिसतात. प्रश्नचिन्हांची रांग, टोप्या घातलेली रोमन अक्षरं, उलट्या रेघा आणि तीन-तीन आकडे यांपैकी काही दिसत असेल, तर कुठलाही फॉन्ट टाका, काडीचा फरक पडणार नाही. बिघाड दुसरीकडे असतो.

कुठे असतो, हे बहुतेक वेळा त्या कचऱ्याच्या रूपावरूनच ओळखता येतं. म्हणून आधी कचरा वाचायचा कसा ते बघू, मग टर्मिनल, फाइल, लोकेल (भाषा आणि अक्षरसंच ठरवणारं सेटिंग), मधले प्रोग्रॅम आणि विंडोज अशी एकेक जागा तपासू. त्याआधी एकच पथ्य: अक्षरं फुटलेली दिसत असताना ती फाइल एडिटरमध्ये उघडून सेव्ह करू नका. तोवर बिघाड फक्त दिसण्यातला असू शकतो; सेव्ह केलंत की तो फाइलमध्ये उतरतो आणि मग निस्तरायला कितीतरी पट वेळ जातो.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल: कमांड, व्हेरिएबल आणि सेटिंगं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांतच टाकायची. 'लँग', 'एलसी_ऑल' यांसारखी व्हेरिएबलची नावं सगळी मोठ्या अक्षरांत, बाकी कमांड छोट्या अक्षरांत.

## आधी बाइट ओळखीचे करून घ्या

जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडने देवनागरीला ०९०० ते ०९७एफ हा पट्टा दिला आहे. हे क्रमांक बाइटमध्ये मांडायची पद्धत म्हणजे एन्कोडिंग. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये या पट्ट्यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं होतं. पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५, तिसरा बदलता (हे आकडे सोळामान पद्धतीतले, त्यात ए ते एफ ही अक्षरंही आकडेच). 'क' म्हणजे ई० ए४ ९५. 'म' म्हणजे ई० ए४ एई. अक्षराचा पाय मोडणारं हलन्ताचं चिन्ह म्हणजे ई० ए५ ८डी. काही साधनं हेच बाइट अष्टमान, म्हणजे आठाच्या पायाच्या, पद्धतीत दाखवतात. तिथे ई० चे ३४० होतात, ए४ चे २४४, ए५ चे २४५.

या तीन-चार आकड्यांवर पुढचं सगळं निदान उभं आहे. ते पाठ झाले की बहुतेक वेळा नुसत्या नजरेने बिघाड कळतो.

वर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि त्याला चिकटून ¤ किंवा ¥, अशी जोडी पुन्हापुन्हा दिसत असेल तर बाइट शाबूत आहेत. फक्त कुणीतरी ते विंडोज-१२५२ किंवा लॅटिन-१ या रोमन लिपीच्या जुन्या एन्कोडिंगमधले समजून वाचतंय: ई० ची झाली ती रेघवाली 'ए', ए४ चं झालं ¤, ए५ चं झालं ¥. त्याच जागी ग्रीक अल्फा आणि शेजारी डोक्यावर नागमोडी रेघ असलेला 'एन' दिसत असेल, तर वाचणारा जुन्या डॉसच्या कोड पेज ४३७ या अक्षरसंचावर आहे. म्हणजे जवळपास नक्कीच विंडोजचा कन्सोल.

\३४०\२४४ असे आकडे दिसले तर तेही चांगलंच लक्षण आहे. प्रोग्रॅमला अक्षर ओळखता आलं नाही, पण त्याने बाइट न बिघडवता जसेच्या तसे मोजून दाखवले.

काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह, म्हणजे �, वेगळी गोष्ट सांगतं. वाचणारा यूटीएफ-८ च वाचतोय, पण समोर आलेले बाइट यूटीएफ-८ च्या नियमात बसत नाहीत. एकतर मजकूर दुसऱ्याच एन्कोडिंगमधला आहे, नाहीतर तीन बाइटचं अक्षर मध्येच कापलं गेलंय. जीएनयू 'कट' च्या बऱ्याच आवृत्त्यांत '-सी' हा पर्याय अक्षरं मोजत नाही, बाइटच मोजतो. 'टीआर' चंही तेच. मराठी मजकुरावर 'कट -सी१' चालवून � मिळालं तर दोष टर्मिनलचा नाही.

साधं प्रश्नचिन्ह सगळ्यांत वाईट. एका अक्षरामागे एक ? असेल तर वाटेत कुणीतरी मजकूर एखाद्या छोट्या अक्षरसंचात बदलला आणि न बसलेली अक्षरं टाकून दिली असण्याची दाट शक्यता आहे. तसं असेल तर मूळ प्रत शोधण्यावाचून गत्यंतर नाही. पण लगेच हाय खाऊ नका, कारण काही प्रोग्रॅम फक्त पडद्यावर दाखवतानाच ? घालतात. खरं काय ते फाइलच्या बाइटवरूनच कळेल.

आणखी एक प्रकार पहिल्यांदा बघणाऱ्याला फार चक्रावून टाकतो. 'मराठी' ऐवजी . मग मोठी मोकळी जागा, मग ० सारखं शून्य, पुन्हा मोकळी जागा, मग >, आणि शेवटाकडे @ असं काहीतरी दिसतं. ही फाइल यूटीएफ-१६ मध्ये आहे. त्यात 'म' चे बाइट २ई ०९, 'र' चे ३० ०९, काना ३ई ०९. टर्मिनल त्यांना सुटे बाइट समजतं. २ई म्हणजे पूर्णविरामाचा टिंब, ३० म्हणजे शून्य, ३ई म्हणजे >. आणि ०९ म्हणजे टॅब! देवनागरीच्या प्रत्येक चिन्हामागे एक टॅब, म्हणून ओळ एवढी विसविशीत.

आणि मजकूर जर स्वच्छ रोमन अक्षरांचा, पण अर्थहीन असेल, तर तो बहुधा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तिथे एन्कोडिंगचा प्रश्नच नाही. बाइट खरोखरच रोमन अक्षरांचे आहेत आणि फक्त फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देत होता. त्यासाठी कन्व्हर्टर लागतो, या लेखातलं काहीही त्याला लागू पडणार नाही.

## पायरी १: टर्मिनल एकटं पडताळा

फाइल, लोकेल, कीबोर्ड या सगळ्यांना बाजूला ठेवून फक्त टर्मिनलला तीन बाइट द्यायचे:

प्रिंटएफ '\३४०\२४४\२२५\एन'

हा अष्टमान आकड्यांतला 'क' आहे. सोळामानाऐवजी अष्टमान मुद्दाम घेतलंय, कारण ते प्रत्येक शेलच्या (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) 'प्रिंटएफ' ला कळतं. 'डॅश' सारख्या शेलला \एक्स कळत नाही.

'क' उमटला, तर टर्मिनल यूटीएफ-८ वाचतंय आणि फॉन्टही आहे. या दोघांना पुन्हा हात लावू नका. चौकोन आला तर फॉन्टचं काम आहे: लिनक्सवर 'एफसी-लिस्ट :लँग=एमआर' चालवून मराठी येणारा एकतरी फॉन्ट आहे का ते बघा, नसेल तर नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी टाका आणि टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा. तीन वेगवेगळी चिन्हं आली तर टर्मिनलच दुसऱ्या एन्कोडिंगवर आहे. पुट्टीमध्ये हे सेटिंग विंडो विभागातल्या ट्रान्सलेशन पानावर सापडतं, रिमोट कॅरेक्टर सेट या नावाने. तिथे यूटीएफ-८ निवडायचं.

लिनक्सच्या ग्राफिकल नसलेल्या काळ्या कन्सोलवर, जो कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबल्यावर येतो, देवनागरीची आशा सोडलेली बरी. तिथल्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि मात्रा-जोडाक्षरं जुळवणारी यंत्रणाच नाही. त्या मशीनवर दुसरीकडून एसएसएचने (दूरच्या मशीनवर शिरायच्या प्रोग्रॅमने) शिरा आणि तिथून बघा.

टर्मिनल नीट होतं, पण मध्येच बिघडलं आणि आता इंग्रजी अक्षरांच्याही जागी रेघा आणि कोपरे दिसतायत? मग एखादी बायनरी फाइल 'कॅट' केली गेली असणार. काय टाइप होतंय ते दिसलं नाही तरी चालेल, 'रीसेट' लिहून एंटर दाबा.

देवनागरीचा इथे एक खास त्रास आहे. 'छ' चा तिसरा बाइट ९बी. लॅटिन-१ वर ठेवलेल्या एक्सटर्मसारख्या टर्मिनलच्या लेखी ९बी हा अक्षराचा बाइट नसून नियंत्रण-आज्ञेची सुरुवात असते, आणि मग त्यापुढची अक्षरं तो आज्ञा समजून गिळून टाकतो. 'ऐ' आणि 'झ' यांच्या शेवटच्या बाइटमध्येही अशाच आज्ञा दडलेल्या आहेत. म्हणून त्या टर्मिनलवर मराठी मजकूर नुसता कुरूप दिसत नाही, कधीकधी ओळीच्या ओळी गायब होतात.

## पायरी २: फाइलचे बाइट बघा

हेड -सी ६४ फाइल | ओडी -ए एन -टी एक्स१

यात '-ए' मधला ए मोठा, एन छोटा. 'एक्सएक्सडी' असेल तर तेही चालेल. आता वरचे ओळखीचे आकडे शोधा.

ई० ए४, ई० ए५ दिसले तर फाइल ठणठणीत आहे, पुढच्या पायरीवर जा. सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ असेल तर तो यूटीएफ-८ चा बॉम, म्हणजे एन्कोडिंग सांगणारी खूण. लिनक्सच्या शेल स्क्रिप्टमध्ये तो पहिल्या ओळीची वाट लावतो, कारण कर्नलला फाइलच्या अगदी सुरुवातीला # आणि ! हवे असतात. एफएफ एफई म्हणजे यूटीएफ-१६. ३एफ ३एफ ३एफ अशी माळ म्हणजे खरोखरचीच प्रश्नचिन्हं, मजकूर गेला.

आणि सी३ ए० सी२ ए४ असा ठसा पुन्हापुन्हा दिसला तर मजकुराचं दुहेरी एन्कोडिंग झालंय. कुणीतरी यूटीएफ-८ बाइट लॅटिन समजून वाचले आणि तो कचरा पुन्हा यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केला. सुरुवातीचं पथ्य मोडल्यावर हेच होतं. दुरुस्ती शेवटी सांगतो.

मोठी फाइल संपूर्ण वैध आहे का हे तपासायचा सोपा मार्ग:

आयकॉन्व्ह -एफ यूटीएफ-८ -टी यूटीएफ-८ फाइल > /डेव्ह/नल

काही न बोलता परत आलं तर वैध. नाहीतर कितव्या बाइटवर अडलं ते तो सांगतो. 'फाइल -आय' ही कमांडही अंदाज देते, पण तो अंदाजच असतो. मजकूर छोटा असेल तर मी त्यावर विसंबत नाही.

## पायरी ३: लोकेल

लिनक्सवरच्या तक्रारींत सगळ्यांत मोठा वाटा याचा. टर्मिनल यूटीएफ-८ वर, फाइल यूटीएफ-८ मध्ये, पण मधला प्रोग्रॅम अजून १९६८ सालात. हे शब्दशः खरं आहे:

लोकेल चारमॅप

एवढंच चालवा. उत्तर 'यूटीएफ-८' आलं तर ठीक. 'एएनएसआय_एक्स३.४-१९६८' आलं तर प्रोग्रॅमना वाटतंय की जगात फक्त अॅस्की, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आहे. ते त्या वर्षीच्या अॅस्की मानकाचं औपचारिक नाव. अशा वेळी जीएनयू 'एलएस' हे 'क' नावाची फाइल ''$'\३४०\२४४\२२५' अशी दाखवतं, आणि 'ग्रेप' तुमच्या मराठी मजकुराला 'बायनरी फाइल' ठरवून मोकळं होतं.

आता नुसतं 'लोकेल' चालवून कोणतं व्हेरिएबल काय म्हणतंय ते बघा. अक्षरसंच ठरवताना आधी एलसी_ऑल बघितलं जातं, ते रिकामं असेल तर एलसी_सीटाइप, तेही नसेल तर लँग. हा क्रम विसरल्यामुळे लोक तासन्तास लँग बदलत बसतात आणि कुठल्याशा स्टार्टअप फाइलमधलं 'एलसी_ऑल=सी' (सी म्हणजे नुसत्या अॅस्कीचं लोकेल) सगळ्यावर बोळा फिरवत असतं. शेल स्क्रिप्टमध्ये तर ते फार आढळतं: 'सॉर्ट' वेगवान व्हावं म्हणून कुणीतरी पहिल्याच ओळीत ते लिहून ठेवतं आणि खालच्या प्रत्येक कमांडला त्याचा प्रसाद मिळतो. तिथे ते फक्त 'सॉर्ट' च्या आधी, त्याच ओळीत लिहायला हवं.

व्हेरिएबल बरोबर असूनही उपयोग होत नसेल तर ते लोकेल मशीनवर तयारच केलेलं नसेल. 'लोकेल -ए' यादी देतं. बॅशने 'सेटलोकेल: कॅनॉट चेंज लोकेल' अशी ताकीद दिली असेल तर कारण हेच. डेबियन आणि उबुंटूवर:

सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स

या पडद्यावर हवी ती लोकेलं निवडायची. फेडोरावर मराठीसाठी 'जीलिबसी-लँगपॅक-एमआर' हे पॅकेज लागतं. कायमची निवड 'लोकेलसीटीएल सेट-लोकेल लँग=…' ने करता येते.

लँग मराठीच ठेवायला हवं असं मुळीच नाही. मराठी अक्षरं दिसायला फक्त अक्षरसंच यूटीएफ-८ असावा लागतो, भाषा कोणतीही चालते. मी स्वतः सर्व्हरवर 'सी.यूटीएफ-८' पसंत करतो. तारखा आणि चुकांचे संदेश इंग्रजीतच राहतात, त्यामुळे संदेश शोधायला सोपं जातं, आणि स्क्रिप्टही अनपेक्षितपणे अडखळत नाहीत. जीलिबसी या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीमध्ये हे लोकेल अधिकृतपणे २०२२ च्या २.३५ आवृत्तीत आलं. डेबियन त्याच्या कितीतरी आधीपासून ते देत होतं.

कंटेनरमध्ये लँग बहुधा ठरवलेलंच नसतं, तेव्हा डॉकरफाइलमध्ये 'ईएनव्ही लँग=सी.यूटीएफ-८' ही ओळ घाला. क्रॉनमधून ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांना तुमच्या शेलची व्हेरिएबलं मिळत नाहीत, त्यामुळे हाताने चालवल्यावर नीट आणि रात्री आपोआप चालल्यावर फुटकं असं होत असेल तर क्रॉनटॅबमध्येच लँग लिहा.

बॅकस्पेस दाबल्यावर अर्धंच अक्षर जातंय, मागे � उरतंय, ही तक्रारही याच कुळातली, पण तिची कळ वेगळी. 'एसटीटीवाय -ए' च्या उत्तरात 'आययूटीएफ८' च्या आधी वजा चिन्ह असेल तर टर्मिनल ड्रायव्हर तीनपैकी एकच बाइट खोडतोय. 'एसटीटीवाय आययूटीएफ८' ने प्रश्न सुटतो.

## पायरी ४: मधले मध्यस्थ

एसएसएच. तुमच्या मशीनची लोकेल व्हेरिएबलं पलीकडे पाठवली जातात, पण पलीकडच्या मशीनवर ते लोकेल असेलच असं नाही. मॅकच्या टर्मिनलवरून लिनक्सवर गेल्यावर हे हमखास होतं: मॅक एलसी_सीटाइप मध्ये नुसतं 'यूटीएफ-८' पाठवतो, आणि लिनक्सला त्या नावाचं लोकेल ठाऊक नसतं. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये सुरुवातीला लोकेल व्हेरिएबल भरण्याची खूण काढा, किंवा सर्व्हरवरच्या तुमच्या प्रोफाइलमध्ये एलसी_सीटाइप नव्याने ठरवा.

टीमक्समध्ये (एका खिडकीत अनेक टर्मिनलं चालवणारा प्रोग्रॅम) देवनागरीच्या जागी _ _ _ अशा अधोरेषा दिसत असतील तर जोडताना त्याला यूटीएफ-८ चं लोकेल मिळालं नाही. 'टीमक्स -यू अटॅच' करून बघा.

लेस. <ई०><ए४><९५> असं उलट्या रंगात दाखवत असेल तर आधी लोकेल सुधारा; ते हातात नसेल तर 'लेसचारसेट=यूटीएफ-८'.

गिट. 'गिट स्टेटस' मध्ये मराठी नावाच्या फाइली \३४०\२४४ अशा दिसतात आणि लोकेल कितीही सुधारलं तरी हटत नाहीत, कारण ते गिटने मुद्दाम केलेलं असतं:

गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स

व्हिम. फाइल चुकीच्या एन्कोडिंगमध्ये उघडली असेल तर काहीही न लिहिता ':ई ++ईएनसी=यूटीएफ-८' द्या. ती नव्याने वाचली जाईल. 'फाइलएन्कोडिंग' बदलून सेव्ह करणं म्हणजे वाचणं नव्हे, रूपांतर. दोन्हींत गल्लत केली की दुहेरी एन्कोडिंग ठरलेलंच.

पायथन. ३.७ पासून 'सी' लोकेल दिसलं तर पायथन स्वतःहून यूटीएफ-८ कडे वळतो, त्यामुळे लिनक्सवर आता फारसा त्रास नाही. विंडोजवर मात्र पडद्यावर नीट दिसणारं आउटपुट फाइलमध्ये वळवलं की 'चारमॅप कोडेक' ची चूक येते. पडद्यासाठी तो युनिकोडचा वेगळा मार्ग वापरतो, पाइपसाठी सिस्टमचं कोड पेज. 'पायथनयूटीएफ८=१' ठेवलं की दोन्हीकडे एकच होतं.

## पायरी ५: विंडोज

विंडोजचा इतिहास वेगळा आहे. तिथे मराठी आणि हिंदीसाठी जुन्या पद्धतीचं कोड पेज कधी दिलंच नाही. या भाषा सुरुवातीपासून फक्त युनिकोडवर. त्यामुळे युनिकोड न वापरणारा प्रोग्रॅम असेल तर सिस्टमची भाषा मराठी करूनही काही साधत नाही. यूटीएफ-८ कडेच यावं लागतं.

कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सीएचसीपी' चालवा. ४३७ किंवा ८५० आलं तर:

सीएचसीपी ६५००१

हे त्या खिडकीपुरतंच टिकतं. जुन्या विंडोजमध्ये यानंतर आउटपुट नीट दिसतं, पण टाइप केलेली देवनागरी काही प्रोग्रॅमपर्यंत पोचत नाही. तो त्या कन्सोलचाच दोष होता. अक्षरांच्या जागी चौकोन आले तर कोड पेजचं काम झालंय, फॉन्ट उरलाय: जुना कन्सोल कन्सोलाससारख्या फॉन्टमध्ये नसलेलं अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून उचलत नाही. २०२० मध्ये १.० आवृत्तीला पोचलेलं विंडोज टर्मिनल ते करतं. जुन्या खिडकीशी झगडण्यात अर्थ नाही, विंडोज टर्मिनल घ्या.

पॉवरशेलमध्ये दोन सेटिंगं असतात आणि लोक एकच बदलतात. बाहेरच्या प्रोग्रॅमचं आउटपुट वाचताना '[कन्सोल]::आउटपुटएन्कोडिंग' बघितलं जातं. पाइपमधून बाहेरच्या प्रोग्रॅमला मजकूर देताना '$आउटपुटएन्कोडिंग'. ५.१ मध्ये दुसऱ्याचं मूळ मूल्य अॅस्की आहे, म्हणून पाइपमधून गेलेल्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात आणि मजकूर खरोखरच जातो. प्रोफाइलमध्ये हे लिहून ठेवा:

$आउटपुटएन्कोडिंग = [कन्सोल]::आउटपुटएन्कोडिंग = [सिस्टम.टेक्स्ट.एन्कोडिंग]::यूटीएफ८

याच ५.१ मध्ये > ने लिहिलेली फाइल यूटीएफ-१६ मध्ये जाते. वरचा टॅबवाला कचरा बहुतेक वेळा असाच जन्माला येतो. 'आउट-फाइल -एन्कोडिंग यूटीएफ८' वापरा, किंवा पॉवरशेल ७ वर या. तिथे बॉमशिवायचं यूटीएफ-८ हेच मूळ मूल्य आहे.

बॉमच्या बाबतीत विंडोजवर दोन परस्परविरोधी नियम आहेत. ५.१ साठी लिहिलेल्या पॉवरशेल स्क्रिप्टमध्ये मराठी असेल तर फाइल बॉमसकट सेव्ह करावी लागते, नाहीतर ती जुन्या कोड पेजमध्ये वाचली जाते. बॅच फाइलमध्ये मात्र बॉम नको. चालवल्यावर पहिल्याच ओळीत ∩╗┐ आणि मागून 'ही कमांड ओळखता आली नाही' असं आलं, तर ती तीन चिन्हं म्हणजे ४३७ च्या चष्म्यातून दिसणारा ईएफ बीबी बीएफ.

रीजन सेटिंगमध्ये 'बीटा' असं लिहिलेली, संपूर्ण सिस्टम यूटीएफ-८ वर नेणारी एक खूणही आहे. स्वतःच्या मशीनवर हरकत नाही. जुनी हिशेबाची किंवा छपाईची सॉफ्टवेअर चालणाऱ्या मशीनवर ती विचार करूनच करा. आपलं कोड पेज गृहीत धरून बसलेले प्रोग्रॅम त्यानंतर बिघडतात.

## अक्षरं बरोबर, जुळणी चुकीची

सगळं दुरुस्त झाल्यावरही वेलांटी व्यंजनाच्या पुढे उमटते, 'क्ष' चे 'क्' आणि 'ष' सुटे पडतात, मात्रेखाली ◌ असं ठिपक्यांचं वर्तुळ येतं. इथे एन्कोडिंग निर्दोष आहे. पहिली वेलांटी मजकुरात व्यंजनानंतर साठवलेली असते आणि दाखवताना आधी काढावी लागते; जोडाक्षरांसाठी फॉन्टमधले नियम लावावे लागतात. टर्मिनल मुळात एका चौकटीत एक अक्षर या हिशेबाने बनलेलं, त्यामुळे पुष्कळ टर्मिनलं हे कामच करत नाहीत. एक्सटर्मकडून अपेक्षा ठेवू नका. एमएलटर्म अनेक भाषा आणि लिप्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं आहे, त्यांत भारतीय लिप्याही आल्या; ते नक्की करून बघा.

कर्सर चुकीच्या जागी जाणं हा याचाच भाऊ. एक अक्षर किती चौकटी अडवतं याचं उत्तर शेल एक देतो आणि टर्मिनल दुसरं. फक्त लांब ओळी दुरुस्त करतानाच त्रास होत असेल तर ओळ एडिटरमध्ये उघडा: बॅशमध्ये कंट्रोल-एक्स, कंट्रोल-ई. प्रॉम्प्टमध्ये रंग घातले असतील तर रंगांचे कोड \[ आणि \] मध्ये गुंडाळलेत का तेही बघा. ही चूक देवनागरीच्या माथी उगाच मारली जाते.

## दिसतं तेच, सापडत मात्र नाही

'दुसऱ्या' हा शब्द पडद्यावर अगदी व्यवस्थित दिसतो आणि 'ग्रेप' म्हणतं तो नाहीच. मराठीत हे वारंवार होतं, कारण यातला 'ऱ्य' तीन तऱ्हांनी साठवता येतो. एक, ०९३१ हे आयतं 'ऱ'. दोन, साधा 'र' ०९३० आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, ०९३सी. तीन, 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक २००डी. दिसायला तिन्ही एकच, बाइट तीन तऱ्हेचे. मॅकची जुनी एचएफएस+ फाइलव्यवस्था नावं स्वतःहून यांतल्या दुसऱ्या रूपात तोडून ठेवायची, त्यामुळे तिथून आलेल्या फाइलींची नावं टाइप करून सापडत नाहीत, टॅब दाबून मात्र पुरी होतात.

पहिली दोन रूपं आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या साधनाने एक करता येतात:

यूकॉन्व्ह -एक्स एनी-एनएफसी जुनी > नवी

तिसऱ्या रूपाला हे लागू पडत नाही. युनिकोडच्या नियमांनुसार ते वेगळंच लेखन आहे, म्हणून ते शोधून स्वतः बदलावं लागतं किंवा शोधताना दोन्ही रूपं द्यावी लागतात.

## दुहेरी एन्कोडिंग उलटवणं

सी३ ए० सी२ ए४ सापडलेल्या फाइलीची आधी प्रत काढा. मग:

आयकॉन्व्ह -एफ यूटीएफ-८ -टी आयएसओ-८८५९-१ बिघडलेली > सुधारलेली

मधला कचरा लॅटिन-१ मधून झाला असेल तर मजकूर पूर्ण परत येतो. विंडोज-१२५२ मधून झाला असेल तर ही कमांड अडते. मग '-टी विंडोज-१२५२' द्यायचं. आणि मराठीत तेही बहुतेक पहिल्याच जोडाक्षराशी अडतं. हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, आणि १२५२ मध्ये ८डी ला कुठलंच अक्षर नेमलेलं नाही. ८१, ८एफ, ९० आणि ९डी यांनाही नाही, म्हणजे चंद्रबिंदू, 'ए', 'ऐ' आणि 'झ' हेही त्याच खड्ड्यात. पायथनच्या 'एफटीएफवाय' या लायब्ररीतलं 'स्लॉपी-विंडोज-१२५२' हे एन्कोडिंग नेमके हे बाइट जसेच्या तसे जाऊ देतं, त्याने काम होतं.

फाइलींची नावंच अशी बिघडली असतील तर 'कॉन्व्हएमव्ही' वापरा. '-एफ यूटीएफ-८ -टी' आणि वर लागू पडलेलं एन्कोडिंग दिलं की नावं त्याच रीतीने उलटतात. त्याच्या '--एनएफसी' पर्यायाने मॅकवरून आलेली तुटलेली नावंही जोडली जातात. '--नोटेस्ट' दिल्याशिवाय तो एकही नाव बदलत नाही, फक्त काय करणार ते छापतो. ती यादी पूर्ण वाचा, एखाददुसरं मुळातच नीट असलेलं नाव तिच्यात सापडलं तर ती फाइल बाजूला काढा, आणि मगच तो पर्याय जोडा.